‘क’ तुकडीचे मोजमाप

जूनच्या मध्याला शाळा उघडते, वर्ग झाडले जातात आणि चार-दोन दिवसांत कार्यालयाबाहेरच्या फलकावर याद्या लागतात. पाचवी अ, पाचवी ब, पाचवी क. मुले बोट फिरवीत आपले नाव शोधतात. ज्यांना ते पहिल्या यादीत सापडते ती पळत सुटतात. बाकीची पुढच्या यादीकडे सरकतात. यादीवर ‘हुशार’ किंवा ‘मंद’ असे कुठेही लिहिलेले नसते. तशी गरजही नसते. मधल्या सुट्टीपर्यंत ते साऱ्या शाळेला कळलेले असते.

मराठीत अशा मागे पडलेल्या मुलासाठी एकाक्षरी शब्द आहे : ढ. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरे बदलली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यातली समजूत आपल्या शाळांत पक्की रुजलेली आहे : काही मुले मुळातच तशी असतात, ती बदलत नाहीत, तेव्हा त्यांना वेगळे बसवलेले बरे. गुणांवरून तुकड्या पाडण्याची पद्धत या समजुतीवर उभी आहे. या लेखात आम्हाला तिची तपासणी करायची आहे. आम्ही स्वतः वर्गांवर शिकवताना अशा याद्या केल्या आहेत, तेव्हा ही टीका आधी आमच्यावरच आहे.

तपासणीसाठी आम्ही नंदुरबार जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास. तीत दर दहांपैकी सुमारे सात जण आदिवासी. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. घरांत भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजर अशा बोली. शाळेत मराठी, आणि आता तिच्या जोडीला इंग्रजी. तुकडी नेमके काय मोजते हे जर कुठे स्पष्ट दिसायचे असेल, तर ते इथे.

रेघ कोण मारतो?

समजा, एका माध्यमिक शाळेत पाचवीला १२० मुले आली. खोल्या दोन, प्रत्येकीत ६० मुले. चाचणी घेतली, गुणांच्या उतरत्या क्रमाने नावे लिहिली आणि साठाव्या नावाखाली रेघ मारली. साठाव्या मुलाला ४६ गुण आहेत आणि एकसष्टाव्याला ४५. एक ‘अ’ मध्ये, दुसरा ‘ब’ मध्ये. आता ही रेघ आली कुठून? मुलांच्या बुद्धीत तिथे काही खंड नव्हता. ती खोलीच्या लांबी-रुंदीतून आणि बाकांच्या संख्येतून आली. खोली मोठी असती आणि तिच्यात ७० मुले मावली असती, तर एकसष्टावा मुलगा ‘हुशार’ ठरला असता.

प्रत्येक मोजमापात त्रुटी असते हे विज्ञानाच्या शिक्षकाला सांगायला नको. मोजपट्टीने वहीची लांबी पाच वेळा मोजा, पाच आकडे अगदी सारखे येत नाहीत. म्हणून आपण मुलांना सरासरी काढायला शिकवतो. चाचणीचे गुण हेही मोजमापच आहे. त्या दिवशी मुलाला ताप होता का, आदल्या रात्री तो झोपला होता का, अभ्यास केलेलाच प्रश्न आला का, अशा कितीतरी गोष्टी गुणांत मिसळतात. त्याच मुलांची त्याच अभ्यासक्रमावर पंधरा दिवसांनी तितक्याच कठीण पातळीची दुसरी चाचणी घेतली, तर क्रम काहीसा बदलतो. दोन चाचण्यांतले साम्य सहसंबंध गुणांकाने मोजतात. क्रम आणि अंतरे तंतोतंत जुळली तर तो १, काहीच संबंध नसेल तर ०.

आता थोडे गणित. गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची, म्हणजे प्रसामान्य मानली आणि रेघ बरोबर मध्यावर मारली, तर दुसऱ्या चाचणीत किती मुले रेघेच्या पलीकडे जातील हे एका सोप्या सूत्राने मिळते. ज्या कोनाची कोज्या सहसंबंध गुणांकाइतकी आहे तो कोन घ्यायचा आणि त्याला १८० ने भागायचे. गुणांक ०.९ असेल, म्हणजे चाचणी फारच चांगली बनवलेली असेल, तर कोन सुमारे २५.८ अंश; भागाकार ०.१४. म्हणजे शंभरांतली १४ मुले चुकीच्या नव्हे, पण वेगळ्या खोलीत गेली असती. गुणांक ०.८ असेल तर कोन सुमारे ३६.९ अंश, शंभरांत २०. गुणांक ०.७ असेल तर शंभरांत २५.

शाळेत घाईघाईने, एका दुपारी, एकाच शिक्षकाने काढलेल्या प्रश्नपत्रिकेचा गुणांक ०.८ धरला तरी तो उदारपणा म्हणावा लागेल. तेवढा धरला, तर आपल्या १२० मुलांपैकी सुमारे २४ मुले, बारा इकडची आणि बारा तिकडची, केवळ ‘त्या दिवशी’च्या जोरावर आपापल्या तुकडीत बसली आहेत. प्रयोगशाळेत एवढ्या त्रुटीचे वाचन आपण फेटाळले असते. तुकडीच्या यादीवर मात्र मुख्याध्यापकांची सही होते आणि ती वर्षभर, बहुधा दहावीपर्यंत, चालते.

काय मोजले जाते?

त्रुटी हा एक भाग झाला. दुसरा त्याहून गंभीर आहे. तराजू थोडा हलता असेल तर चालवून घेता येते; पण तो वजनाऐवजी भलतेच काही मोजत असेल तर काय करायचे?

आजकाल जिल्ह्यातल्या बऱ्याच माध्यमिक शाळांत ‘अ’ तुकडी म्हणजे सेमी-इंग्रजीची तुकडी असते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. तिच्यासाठी निवड होते ती चौथीच्या गुणांवरून किंवा इंग्रजी-गणिताच्या चाचणीवरून. आता अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावरची मुलगी घ्या. घरी पावरी. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत आली तेव्हा मराठी तिने प्रथमच सलग ऐकली. पहिलीत जे मूल मराठी घरातून आले ते अक्षरे शिकत होते. ही अक्षरे आणि भाषा दोन्ही शिकत होती. चार वर्षांनी दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळते. तिच्यात शाब्दिक उदाहरण असते : अमुक लांबीची आगगाडी तमुक लांबीचा फलाट किती वेळात ओलांडेल? सातपुड्याच्या माथ्यावर रेल्वे नाही. ‘फलाट’ हा शब्द तिने पुस्तकात वाचला असेल तर वाचला असेल. तिचे उत्तर चुकले तर ते भागाकारात चुकले की ‘फलाटा’वर अडखळले, हे गुणपत्रक सांगत नाही.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की जिल्ह्यातली अनेक कुटुंबे मुकादमाच्या टोळीबरोबर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. आई-बापांबरोबर पाठची भावंडे सांभाळायला जाणारी मुले चार-पाच महिने शाळेबाहेर असतात. एप्रिलच्या परीक्षेत त्यांचे जे व्हायचे ते होते आणि जूनमध्ये ती ‘क’ मध्ये दिसतात. चाचणीने त्यांची बुद्धी मोजली असे आपण मानतो. प्रत्यक्षात तिने हजेरीपट मोजलेला असतो, आणि हजेरीपटाने उसाचा हंगाम.

तिसरी गोष्ट वयाची. पहिलीच्या वर्गात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सहावा हिस्सा आहे. एवढ्या अंतराने शब्दसंग्रह, बोटांची पकड, एका जागी बसण्याची सवय यांत फरक पडतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे मात्र हे तपासणेही कठीण, कारण दाखल्यावर हजारो मुलांचा जन्म १ जूनचा आहे! नाव घालताना गुरुजींनीच सोयीची तारीख लिहून दिलेली. शिक्षकखोलीत विचारून पाहा, आपल्यातल्याही कित्येकांचा वाढदिवस त्याच दिवशी निघेल. ज्या मुलाचे खरे वय आपल्याला ठाऊक नाही, त्याला वयाच्या मानाने मंद ठरवण्याचा धीर आपल्याला होतो, हे नवलच.

आमचूर आणि अपूर्णांक

आमच्या वर्गातला एक अनुभव. सपाटीवरच्या एका शाळेत ‘क’ तुकडीत पहाडातून आलेला एक मुलगा होता. दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारावर त्याचा कागद कोरा असे. एकदा बाजाराच्या दिवशी तो आईबरोबर आमचूर विकताना दिसला. गिऱ्हाईकाने सव्वातीन किलो घेतले. भाव १६० रुपये किलो. मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, “तीन किलोचे चारशे ऐंशी, पावाचे चाळीस. पाचशे वीस द्या.” दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही फळ्यावर ३.२५ × १६० लिहिले. तो खाली मान घालून बसला. ‘काल तू हेच केलेस’ असे सांगितल्यावर त्याने ज्या अविश्वासाने आमच्याकडे पाहिले तो आमच्या लक्षात राहिला आहे.

हा योगायोग नव्हता. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅरहर, कॅरहर आणि श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध केला. बाजारात विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के त्या मुलांनी बरोबर केले. तेच हिशोब नुसत्या आकड्यांच्या रूपात कागदावर दिले तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. मुले फक्त पाच होती, म्हणून त्या आकड्यांवर फार भार टाकू नये. पण २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा बराच मोठा अभ्यास आला. त्यातही हेच आढळले, आणि आणखी एक गोष्ट दिसली : शाळेत नियमित जाणाऱ्या, पण बाजाराचा अनुभव नसलेल्या मुलांना बाजारातले साधे हिशोब जमत नव्हते. दोन्हीकडची मुले आपापल्या काठावर उभी. मधे पूल नाही.

यातून ‘आदिवासी मुलांना गणित उपजतच येते’ असा भाबडा निष्कर्ष काढू नये. बाजारातले गणित आपोआप बीजगणितापर्यंत पोचत नाही. ते पोचवणे हेच शाळेचे काम आहे. प्रश्न असा की हा पूल बांधायचा कुठे? जिथे त्याची सर्वांत जास्त गरज, त्या ‘क’ तुकडीत आपण बहुधा नवखा, तात्पुरता किंवा दुसऱ्या विषयाचा शिक्षक पाठवतो. गणिताचे अनुभवी सर शिष्यवृत्तीच्या तुकडीत असतात.

मदतीचे साधन, वगळण्याचे हत्यार

बुद्धिमापनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी ही कायमची ठरलेली राशी आहे या मताला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. पण साधन सीमा ओलांडून गेले आणि त्याचा अर्थ बदलला. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन काही मुलांना ग्रामर स्कूलमध्ये आणि बहुसंख्यांना ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळांत पाठवण्याची पद्धत रूढ झाली. अकराव्या वर्षी मुलाची कुवत ओळखता येते आणि ती मुख्यतः वारशाने येते, या विचाराला सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाचे मोठे पाठबळ होते. बर्ट १९७१ मध्ये वारले. पुढे १९७४ मध्ये लिऑन कामिन यांनी दाखवून दिले की बर्ट यांनी वेगवेगळ्या वर्षी, जुळ्या भावंडांच्या वेगवेगळ्या संख्येवरून काढलेला सहसंबंध तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच येतो : ०.७७१. प्रत्यक्ष मोजमापात असे घडणे जवळजवळ अशक्य. आकडे बनावट होते की निष्काळजीपणाचे यावर पुढे बराच वाद झाला, पण त्या आकड्यांवर आज कोणी विसंबत नाही. त्या विचाराच्या आधाराने लक्षावधी मुलांच्या वाटा मात्र अकराव्या वर्षीच ठरून गेल्या होत्या.

शिक्का बसल्यावर

समजा, चाचणी पूर्ण बिनचूक असती. तरीही एक प्रश्न उरतो. मोजल्याने मोजलेली वस्तू बदलते का? तापमापी थंड असेल तर ती कपातल्या चहाची थोडी उष्णता घेते, हे आपण शिकवतो. तुकडी ही फारच मोठी तापमापी आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या एका शाळेत रे रिस्ट यांनी बालवर्गाचे निरीक्षण केले आणि ते १९७० मध्ये प्रसिद्ध केले. शाळा सुरू होऊन आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचे बसवले होते. परीक्षा झालेली नव्हती. कपडे, बोलण्याची पद्धत, घरची स्थिती यांवरून झालेली ती वाटणी. पहिल्या टेबलाशी बाई जास्त बोलत, तिसऱ्याला फळाही नीट दिसत नसे. दुसऱ्या इयत्तेपर्यंत हीच वाटणी टिकली. फरक एवढाच की तोवर तिला गुणांचा पुरावाही मिळाला होता. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रसिद्ध प्रयोग शिक्षकांनी ऐकलेला असतो : चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली मुले ‘यंदा बहरतील’ असे शिक्षकांना सांगितले आणि त्यांच्यातली काही खरोखरच पुढे गेली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. परिणाम लहान इयत्तांपुरता होता आणि नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी आढळला. म्हणून शिक्षकाच्या अपेक्षेने काहीही घडते असे म्हणू नये. पण ती अगदी निष्प्रभ नाही, इतके नक्की.

आपल्या देशातला पुरावा अधिक बोचरा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाटकोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत सांगण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात पुकारून तीच कोडी दिली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे खाली आली. कोडे तेच, मुलेही तशीच, बदलले ते फक्त पुकारणे. फलकावरची तुकड्यांची यादी हेही एक पुकारणेच आहे, आणि नंदुरबारात ‘क’ च्या यादीतली आडनावे वाचली की ती कोणाची आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी बाजू

तुकड्यांच्या बाजूने बोलणारे शिक्षक दुष्ट नसतात. त्यांचे म्हणणे असे की वाचता न येणारा आणि समीकरण सोडवणारा मुलगा एकाच बाकावर असेल तर शिकवायचे कोणाला? ही अडचण खरी आहे, आणि तिला आधार देणारा एक महत्त्वाचा प्रयोगही आहे. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांत एस्थर डुफ्लो, पास्कालीन द्युपा आणि मायकल क्रेमर यांनी पहिलीच्या वर्गाला एकेक जादा शिक्षक दिला. निम्म्या शाळांत मुले गुणांवरून दोन तुकड्यांत विभागली, उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकून. अठरा महिन्यांनी गुणांवरून विभागलेल्या शाळांतल्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही तुकड्यांची प्रगती थोडी अधिक होती. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण असे दिले गेले की मुले एका पातळीची असली की शिक्षक आपले शिकवणे त्या पातळीवर आणू शकतो.

पण त्या प्रयोगात शिक्षक कोणत्या तुकडीला जाईल हेही चिठ्ठीने ठरले होते. चांगले सर वर आणि उरलेले खाली, अशी वाटणी नव्हती. वरच्या तुकडीसाठी वेगळे माध्यम नव्हते. आपल्या शाळांत या दोन्ही अटी मोडतात, म्हणून त्या निष्कर्षाचा आधार आपल्याला घेता येत नाही. शिवाय ती पहिलीची मुले होती. तिथे आयुष्याची वाट ठरत नव्हती.

आपल्या जवळचा पुरावा आणखी उपयोगी आहे. मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची तपासणी झाली. मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तीतलीच एक तरुण मुलगी त्यांच्या पातळीवरून वाचन आणि गणित शिकवी. सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. पुढे यातूनच ‘पातळीनुसार शिक्षण’ ही पद्धत वाढली. तिच्यात गट पडतात, पण ते एका विषयापुरते, दिवसातल्या एक-दोन तासांपुरते, आणि मूल पुढे गेले की गट बदलतो. उरलेला दिवस सगळी मुले एकत्र असतात. हा गट म्हणजे जखमेवरची पट्टी. जखम भरली की काढायची. तुकडी म्हणजे गोंदण.

आणि ‘हुशार मुलांचे नुकसान होते’ हा आक्षेप? अनेक देशांची तुलना करणाऱ्या हानुशेक आणि वोसमान यांच्या २००६ च्या अभ्यासात लहान वयात वाटा वेगळ्या करणाऱ्या देशांत विषमता वाढलेली दिसली. सरासरी उंचावल्याचा स्पष्ट पुरावा मात्र मिळाला नाही. फिनलंडने १९७२ ते १९७७ या काळात दुहेरी शाळा मोडून सर्वांसाठी एक शाळा आणली, आणि सुरुवात राजधानीपासून न करता उत्तर टोकाच्या लॅपलंडपासून केली. गणित आणि परभाषांचे पातळीवार वर्ग त्यांनी आणखी काही वर्षे ठेवले होते. तेही १९८५ मध्ये बंद केले. फिनलंडचे सारेच यश याला चिकटवू नये. पण तुकड्या मोडल्याने तिथल्या शाळा बुडाल्या नाहीत, हे सर्वांनी पाहिले आहे.

साऱ्या जिल्ह्याचीच तुकडी

शाळेतल्या खोल्यांपुरते हे थांबत नाही. नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातली. देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक विद्यालय आपल्या अमरावतीचे. सहावीला निवड परीक्षा, एका विद्यालयात वर्षाला फार तर ८० मुले. एकलव्य निवासी शाळांची योजना १९९७-९८ पासूनची. आदिवासी मुलांसाठी, सहावीला ६० जागा. या शाळांत शिकून पहाडातली मुले पुढे जातात, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. पण प्रत्येक वर्षी जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या वर्गांतून थोडी मुले उचलली जातात, आणि त्यांच्याबरोबर त्या शाळांबद्दल बोलू शकणारे, भांडू शकणारे पालकही जातात. मागे राहिलेल्या शाळेला मग ‘क’ तुकडीची कळा येते.

हा वाद नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, वरच्या थराला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल या सरकारी धोरणावर टीका केली होती आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे आधी पाहा, असे बजावले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, सर्वांसाठी समान शेजारशाळेची शिफारस केली. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने कलम १३ मध्ये प्रवेशाच्या वेळी मुलांची चाळणी करायला मनाई केली. आम्ही मात्र ती चाळणी दारातून उचलून आत वऱ्हांड्यात ठेवली.

वेगळा विचार याच जिल्ह्यात झालेला आहे. नर्मदेकाठच्या गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा चालवल्या. सुरुवात मुलांच्या बोलीतून, शिकवणारे तरुण त्याच गावांतले, पाठांत नदी, जंगल आणि शेती. साधने तुटपुंजी होती. पण मुलाची भाषा ही उणीव न मानता तिथूनच आरंभ करता येतो, हे त्यांनी दाखवले.

शिक्षकाच्या हातात काय आहे?

धोरणे बदलण्याची वाट न पाहता शाळेच्या पातळीवर काही गोष्टी करता येतात.

मुले जास्त म्हणून खोल्या दोन-तीन करणे भागच असेल, तर यादी चिठ्ठ्या टाकून करावी. किंवा गुणांच्या क्रमाने पहिले नाव ‘अ’, दुसरे ‘ब’, तिसरे ‘क’, मग उलट्या क्रमाने, अशी वाटावी. प्रत्येक खोलीत सगळ्या प्रकारची मुले येतील. आळीपाळीने विषयशिक्षक बदलावेत; निदान गणित आणि विज्ञानाचे अनुभवी शिक्षक सर्व तुकड्यांना मिळावेत. मदतीचे गट पाडावेत, पण विषयापुरते आणि सहा आठवड्यांपुरते, आणि गटाला ‘क’ असे नाव देऊ नये. शाळेत पावरी किंवा भिली जाणणारी मोठी मुले असतातच. पहिल्या महिन्यात नव्या मुलांची तोंडी चाचणी त्यांच्या साहाय्याने घ्यावी. जे मराठीत कळत नाही ते बोलीत कळते का, हे दहा मिनिटांत समजते. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी एप्रिल-मेमध्ये वेगळे वर्ग आणि जूनमध्ये वेगळी चाचणी हवी. त्यांना न शिकवलेल्या भागावर त्यांची परीक्षा घेणे हा न्याय नव्हे.

हे सारे करण्याआधी मात्र एक छोटा प्रयोग प्रत्येक शाळेने करून पाहावा. त्याला अनुदान लागत नाही, गेल्या वर्षीची गुणनोंदवही पुरते. एका इयत्तेच्या दोन घटक चाचण्यांचे गुण घ्या. दोन्हींच्या उतरत्या याद्या करा आणि दोन्हींत मध्यावर रेघ मारा. पहिल्या यादीत रेघेच्या वर आणि दुसरीत खाली, किंवा याच्या उलट, अशी किती मुले आहेत ती मोजा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे काम दिले तर संख्याशास्त्राचा एक उत्तम पाठ होईल. मात्र नावे झाकून फक्त क्रमांक द्यावेत. मग त्याच मुलांपुढे घरची भाषा आणि गेल्या वर्षीची हजेरी लिहा, आणि रेघ खरोखर कशावरून गेली आहे ते पाहा.

निघालेला आकडा जूनपूर्वी शिक्षकांच्या बैठकीत फळ्यावर लिहावा, आणि त्यानंतरच यादीला हात घालावा. आमचूर विकणाऱ्या मुलासाठी आम्ही हे तेव्हा केले नव्हते. यादी आमच्याच अक्षरात होती.